हुल्डा गायीच्या कासेसंबंधी

कोणत्याही समाजाची संस्कृती तो काय दाखवतो यावरून कळत नाही, काय झाकतो यावरून कळते. ज्या समाजाला झाकण्यासारखे काहीच सापडत नाही, तो मागासलेला समजावा. या दृष्टीने १९४० नंतरच्या दशकातली अमेरिका फारच पुढारलेली होती. जगभर महायुद्ध पेटलेले होते, साखर आणि टायर रेशनवर होते. अशा धामधुमीतही कॅलिफोर्नियातल्या एका चार मजली इमारतीत सदभिरुची मंडळाचे सतरा अधिकारी रोज सकाळी नऊ वाजता पडदे ओढून अंधारात बसत, आणि देशाला जे पाहू द्यायचे नाही ते आधी स्वतः पाहून घेत. (काम जोखमीचे होते. जे एकदा पाहिल्याने माणूस बिघडतो ते हे सतरा जण आठवड्यातून सहा दिवस पाहत आणि तरीही बिघडत नसत. मंडळाने माणसेच तशी निवडली होती. त्यांच्यात बिघडण्यासारखे काही उरलेले नव्हते.)

अशा या मंडळाशी ऑर्विल लुंडग्रेनची गाठ पडावी असे त्याच्या आयुष्यात काहीही नव्हते. तो विस्कॉन्सिनचा, स्वीडनहून आलेल्या गवळ्यांच्या घरातला. वडील लवकर गेले. आई इंगेबोर्ग आणि थोरला भाऊ आर्ने मिळून एकोणीस गायी सांभाळत. ऑर्विलला मात्र धार काढून झाली की कोळसा घेऊन गोठ्याच्या पांढऱ्या भिंतीवर गायी काढायचा नाद होता. भिंती संपल्या तेव्हा तो कॅलिफोर्नियात ग्लेनडेलला गेला आणि सॉल फाइगेनबॉम यांच्या व्यंगपटांच्या स्टुडिओत साठ चित्रे घेऊन उभा राहिला. साठही गायी होत्या.

"माणूस काढता येतो?" फाइगेनबॉमसाहेबांनी विचारले.

"नाही, साहेब."

"कुत्रा?"

"काढतो. पण गायीसारखा दिसतो."

साहेब विचारात पडले. धंद्यात ससे, बदके, उंदीर, डुकरे सगळी इतरांनी आधीच पटकावलेली होती. गाय तेवढी मोकळी होती. "उद्यापासून ये," ते म्हणाले.

ऑर्विलने जी गाय घडवली तिचे नाव हुल्डा. स्टुडिओत त्याला सगळे 'गवळी' म्हणत. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती हे त्याने कधी मोजले नाही. पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चित्रे लागतात. हुल्डा कुंपण ओलांडून पळते ते साडेतीन सेकंदांचे दृश्य काढायला त्याला अडीच आठवडे लागले. कारण पळत्या गायीची कास मागच्या पायांच्या उलट झोका घेते, आणि भरलेली असेल तर अर्धा क्षण उशिरा. ही गोष्ट पुस्तकात कुठे नाही. जो गायीमागे पळाला आहे त्यालाच ती माहीत. मंडळाकडे पाठवण्याआधीच्या चाचणी खेळाला लोक हसले. ऑर्विलला मात्र डोळ्यांसमोर सगळा गोठा दिसला.

मंडळाचे पत्र आठव्या दिवशी आले. 'दृश्य क्रमांक चौदामध्ये सदर प्राण्याचा एक अवयव साडेतीन सेकंद दृष्टीस पडतो. खुलासा करावा.'

खुलासा करायला ऑर्विल आणि फाइगेनबॉमसाहेब गेले. समोर एलवूड प्रेंटिस हे अधिकारी होते. बारीक, स्वच्छ, फूटपट्टीसारखे सरळ. पुढ्यात दुधाचा पेला होता.

"मिस्टर लुंडग्रेन, ते हलतं," प्रेंटिस म्हणाले.

"पळताना हलणारच, साहेब. सकाळची धार राहिलीय तिची. भरलीय."

"ती तिची खासगी बाब आहे."

निर्णय झाला की कास राहू द्यावी, पण हलू नये. ऑर्विलने तसे केले. चारही पाय उधळलेले आणि मध्ये कास मात्र खुंटीला टांगल्यासारखी स्थिर. मंडळाचे दुसरे पत्र आले, 'स्थिर असल्यामुळे अधिकच लक्ष वेधून घेते.' मग आकार कमी करण्याची सूचना आली. मग चार सडांऐवजी दोन काढून पाहावेत, असे ठरले. हे चित्र पाहून प्रेंटिस लालबुंद झाले. "चार होते तेव्हा तो प्राणी होता. दोन केल्यावर..." एवढे बोलून ते थांबले आणि त्यांनी फाइल मिटली. शेवटी शून्यावर एकमत झाले. पण कास नसलेली गाय अपूर्ण दिसते आणि अपूर्णता माणसाला विचार करायला लावते, अशी एका सदस्याने शंका काढली. म्हणून तिला परकर देण्यात आला.

यापुढे मंडळाने जे केले ते पायरीपायरीने केले आणि प्रत्येक पायरी बिनतोड होती. चार पायांवरच्या प्राण्याला परकर घातला की तो मागून वर होतो, सबब हुल्डाने दोन पायांवर उभे राहावे. दोन पायांवर परकर नेसून उभी राहिलेली व्यक्ती स्त्री असते, आणि स्त्रीने कमरेच्या वर उघडे राहणे योग्य नाही, सबब ब्लाउज. ब्लाउज घातलेली स्त्री थॉरवाल्ड नावाच्या बैलाबरोबर एकाच गोठ्यात राहते, तर त्यांचे लग्न झाले आहे काय? झाले नव्हते. दोन मिनिटांत उरकले. (बैल समारंभाला विजार घालून आला.) मग वासराच्या वयाचा आणि लग्नाच्या तारखेचा मेळ बसेना, म्हणून वासरू तिच्या धाकट्या बहिणीचे ठरवण्यात आले. ती बहीण कुठे असते हे विचारायचे नाही असेही ठरले.

हुल्डा दूध देते हे तर जाहीर होते. ते आता रोज सकाळी बाटलीत भरून दारात ठेवलेले आढळे. ठेवणारा गवळी दाखवायला मंडळाची परवानगी नव्हती. थॉरवाल्ड शेतावर गेलेला असे ना!

"गवळ्या, ही अगदी माझ्या कोन्चा मावशीसारखी दिसायला लागलीय," डोलोरेस इबार्रा म्हणाली. डोलोरेस रंगवण्याच्या खात्यात होती. पांढरे सुती हातमोजे घालून पारदर्शक तावांवर रंग भरणाऱ्या बारा मुलींपैकी सगळ्यांत जलद आणि सगळ्यांत तोंडाळ. "मावशीपुढेही कुणाची दूध मागायची हिंमत होत नाही."

ऑर्विल हसला. पण रोज सकाळी ब्लाउजच्या गुंड्या रेखाटताना त्याला आपल्या बोटांची लाज वाटे.

१९४३ साली आर्ने पॅसिफिकमध्ये लढायला गेला. त्याच्यासारखेच सगळ्या मुलखातले तरुण गेले. गोठ्यांत गायी राहिल्या, धार काढणारे हात राहिले नाहीत. तेव्हा सरकारने शहरातल्या बायकांना शेतांवर धाडायचे ठरवले, आणि त्यांना गायीची धार काढायला शिकवणारा आठ मिनिटांचा व्यंगपट फाइगेनबॉमसाहेबांकडून करून घेतला. शिकवायला हुल्डाच हवी होती. तोवर ती देशातली सर्वांत प्रतिष्ठित गाय झाली होती.

ऑर्विलला वाटले, आता तरी! धार काढायची तर कास दाखवावी लागणारच. यात आडपडदा चालणार कसा?

आडपडद्यानेच चालले. मंडळाने संहिता मंजूर करताना चारच अटी घातल्या. प्राण्याचा मागचा अर्धा भाग आणि माणसाचा हात एकाच चौकटीत येऊ नये. 'पिळणे', 'दाबणे', 'ओढणे' हे शब्द वापरू नयेत, 'विनंती करणे' वापरावा. गाय आणि बाई, दोघींच्याही चेहऱ्यावर कर्तव्यभावना असावी. आणि शेवटी दूध मिळाल्याचे स्पष्ट दाखवावे, कारण चित्र शैक्षणिक आहे.

तसे चित्र तयार झाले. स्वच्छ एप्रन घातलेली बाई गोठ्यात येते, हुल्डाला "सुप्रभात" म्हणते. हुल्डा मान झुकवते. पडदा सरकतो. वीणेसारखे काहीतरी वाजते. पडदा उघडतो, तो चरवी काठोकाठ भरलेली आणि दोघी दोन दिशांना पाहत असलेल्या. दोनशे बारा ठिकाणी चित्र दाखवले गेले. सत्त्याण्णव टक्के बायकांनी समाधान व्यक्त केले. उरलेल्या तीन टक्क्यांनी पडद्याआड काय झाले असे विचारले. त्यांची नावे टिपून घेण्यात आली.

दीड महिन्याने आईचे पत्र आले. इंगेबोर्गबाई एरवी पोस्टकार्डावर चार ओळी लिहीत. हे चार पानी होते.

'पोरा, शिकागोहून दोन बाया पाठवल्यात. स्वभावाने चांगल्या आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी गोठ्यात चादर टांगली. मला वाटलं वाळत घातली. मग चरवी पलीकडे ठेवून अलीकडे उभ्या राहिल्या आणि गाणं म्हणायला लागल्या. अर्धा तास. मी म्हटलं, बायांनो, काय करताय? तर म्हणाल्या, विनंती करतोय. माझे हात आता वळत नाहीत रे, दोन-तीन गायींच्या पुढे बोटं आखडतात. आर्ने नाही. त्यांना शिकवायला गेले तर त्या लाजून बाहेर जातात, म्हणतात सिनेमात असं नव्हतं. सहा गायींच्या कासा सुजल्या. स्टीना परवा गेली. त्या सांगतात ती परकरवाली बाई गाय आहे आणि तू काढलीस. मी म्हटलं, शक्य नाही. माझ्या ऑर्विलला गाय माहीत आहे.'

स्टीना म्हणजे, सात वर्षांचा असताना ऑर्विल ज्या गायीखाली बसून पहिली धार काढायला शिकला त्या गायीची लेक. त्याने पत्र घडी करून खिशात ठेवले आणि त्या दिवशी हुल्डाच्या टोपीवर फूल काढायचे होते ते काढले. दुसऱ्या दिवशी मात्र जेवणाच्या सुट्टीत तो टेबलावरून उठला नाही.

"काय करतोयस?" डोलोरेसने मागून डोकावत विचारले.

"कास."

"देवा रे! बघू तरी." तिने बघितले. बराच वेळ बघितले. "यात काय आहे एवढं? सरळ साधी गाय आहे की."

"तुला धार काढता येते?"

"मी लॉस एंजेलिसची. मला बाटलीचं बूच काढता येतं."

ऑर्विलने तिचा रंगाची भांडी धुवायचा रबरी हातमोजा घेतला, त्यात पाणी भरले, बोटांच्या टोकांना टाचणीने भोके पाडली आणि मोजा टेबलाच्या दिव्याला टांगला. "ओढायचं नाही. अंगठा आणि पहिलं बोट वर आवळून धर, म्हणजे दूध परत वर जात नाही. मग एकेक बोट खाली मिटत ये. हं. आता सोड."

पहिल्यांदा पाणी डोलोरेसच्या बाहीत गेले. दुसऱ्यांदा ऑर्विलच्या डोळ्यांत. चौथ्या दिवशी बादलीत सरळ धार पडली तेव्हा बारा मुलींनी टाळ्या वाजवल्या, आणि मग प्रत्येकीला करून बघायचे होते. डोलोरेसच्या हातून जिथे जिथे चूक झाली तिथे तिथे ऑर्विलने एकेक चित्र वाढवले. अशी छत्तीस झाली. डोलोरेसने ती रंगवली. शेवटच्या चित्राखाली तिने आपल्या अक्षरात लिहिले, 'बायांनो, चादर काढा.'

चित्रे विस्कॉन्सिनला गेली. आईने ती गोठ्यात ओळीने खिळ्यांनी ठोकली. शिकागोच्या दोघी पहिल्या दिवशी पाठ करून उभ्या राहिल्या, दुसऱ्या दिवशी कडेने पाहिले, आठवड्यात दोघी मिळून सतरा गायींची धार काढू लागल्या. शेजारच्या गोठ्यांतल्या बाया बघायला आल्या, नकला करून घेऊन गेल्या. त्या तालुक्यात पुन्हा एकही कास सुजली नाही.

अशा वेळी समाजात जागरूक माणसे असावी लागतात. एका जागरूक नागरिकाने (नाव गुप्त ठेवण्यात आले, गावात सगळ्यांना माहीत होते) चित्रांच्या नकलांचा एक संच मंडळाकडे पाठवून दिला.

सुनावणीला सतराही अधिकारी हजर होते. चित्रे कागदावर स्थिर असल्याने त्यांच्या हालचालीबद्दल मत देता येईना. तेव्हा मंडळाने स्वतःच्या खर्चाने त्यांचे चित्रीकरण करवून घेतले आणि ते अकरा वेळा पाहिले. नवव्या वेळेनंतर काही सदस्यांनी तांत्रिक कारणासाठी वेग कमी करण्याची विनंती केली.

दिवे लागले तेव्हा प्रेंटिस यांनी पुढ्यातला दुधाचा पेला दूर सारला.

"मिस्टर लुंडग्रेन, हे... हे असंच असतं?"

"असंच, साहेब."

"सगळ्याच गायींचं?"

"सगळ्याच. साहेब, माझ्या आईची एक गाय मेली. तुमच्या पडद्यामुळे, आणि तो पडदा मी चितारला म्हणून. तुम्ही मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पण ती चित्रं गोठ्यातून काढू नका."

त्या पहिल्या खुलाशानंतर त्याने या खोलीत 'हो साहेब'पलीकडे काही उच्चारले नव्हते. बाहेर बाकावर बसलेल्या डोलोरेसला वाटले, आत कुणीतरी दुसराच बोलतोय.

मंडळ निर्दय नव्हते. आरोपीचा हेतू वाईट नसून केवळ ग्रामीण आहे, असे नमूद करून त्याला ताकीद देऊन सोडण्यात आले. गोठ्यातली चित्रे उतरवण्याचा हुकूम मात्र निघाला. तो पोहोचला तेव्हा तालुक्यातल्या कोणाही बाईला चित्रांची गरज उरली नव्हती. मंडळाकडचा संच कुलपाच्या कपाटात गेला. पुढच्या वर्षभरात तो अभ्यासासाठी चाळीस वेळा बाहेर काढण्यात आला. प्रेंटिस यांनी मात्र त्या दिवसापासून दूध सोडले आणि ते कोरी कॉफी पिऊ लागले.

युद्ध संपले. आर्ने एका पायाने लंगडत का होईना, परत आला. ऑर्विलने डोलोरेसशी लग्न केले. (बैलाच्या लग्नापेक्षा त्याला जास्त वेळ लागला.) आणि १९४९ साली फाइगेनबॉमसाहेब नाचतच त्याच्या टेबलाशी आले.

"गवळ्या, टेलिव्हिजन! दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता हुल्डा. पैसे एक डेअरी देणार. आणि डेअरीच्या मालकाचं म्हणणं ऐक. त्याला बाई नकोय, गाय हवीय! म्हणाला, दूध कुठून येतं ते लोकांना कळू दे."

"आणि मंडळ?"

"मंडळ सिनेमाचं. टेलिव्हिजनला अजून कुणी विचारत नाही. तुझ्या मनात येईल तशी काढ."

दहा वर्षे ऑर्विलच्या मनात एकच गाय होती. त्याने ती तीन महिने काढली. चार पायांवर, अंगावर चिंधी नाही, कास भरलेली आणि मागच्या पायांच्या उलट, अर्धा क्षण उशिरा झुलणारी. पहिल्या गुरुवारी त्यांच्या गल्लीतल्या एकुलत्या एका टेलिव्हिजनसमोर बावीस माणसे दाटीवाटीने बसली. लाकडी पेटीतल्या वीतभर काचेवर हुल्डा कुंपण ओलांडून आली. ऑर्विलने डोलोरेसचा हात घट्ट धरला.

कुणी हसले नाही. एका आईने मुलाच्या डोळ्यांवर हात ठेवला. एका गृहस्थांना एकदम खिडकीबाहेरचे हवामान पाहावेसे वाटले. पुढे बसलेली पाच वर्षांची मुलगी ओठ काढून रडू लागली, "तिचे कपडे कुणी काढले?"

"ती गाय आहे, बाळा," ऑर्विल म्हणाला.

"खोटं! ती हुल्डा आहे!"

आठवड्याभरात स्टेशनवर एक हजार एकशे चौदा पत्रे आली. सहाशे अकरा जणांनी गायीला गाठ झाली असून तिला डॉक्टरकडे न्यावे असे कळवले. तीनशे एकोणनव्वद जणांनी नग्नतेचा निषेध केला. एकशे तेरा जणांनी आपल्या घरात येणाऱ्या दुधाचा या प्रकाराशी संबंध नाही ना, असे विचारले आणि उत्तर येईपर्यंत दूध बंद केले. उरलेले एक पत्र बेकर्सफील्डच्या एका शेतकऱ्याचे होते. गाय उत्तम आहे, पण धार काढायची वेळ टळून गेली आहे, असे त्याने लिहिले होते.

ते एक पत्र ऑर्विलने जपून ठेवले. मग तो टेबलाशी बसला. फाइगेनबॉमसाहेब काही बोलले नव्हते, डेअरीचा मालक काही बोलला नव्हता, मंडळाचा तर हक्कच नव्हता. डोलोरेस त्याच्या मागे उभी होती.

"नको रे काढूस," ती हळूच म्हणाली.

"ती पोरगी रडली, डोलोरेस," तो म्हणाला, आणि त्याने परकराची पहिली रेघ ओढली.

पुढे काही वर्षांनी सदभिरुची मंडळ बरखास्त करण्यात आले. ते हरले म्हणून झाले असा एक गैरसमज आहे. शेवटच्या अहवालात स्पष्ट लिहिले आहे की काम पूर्ण झाल्यामुळे कार्यालय ठेवण्याचे प्रयोजन उरलेले नाही. सतरा पगारी माणसे जे काम कसेबसे करत, ते आता घरोघर, सर्व वाहिन्यांवर, अहोरात्र आणि विनावेतन चालते. हे वाचून ज्यांना त्या काळच्या अमेरिकेचे हसू आले असेल त्यांनी जरूर हसावे. फक्त आज रात्रीच्या जेवणाला सगळे कुटुंब टीव्हीसमोर बसलेले असताना पडद्यावर एखादे तसले दृश्य आले, तर घरातला कोणता अधिकारी घाईघाईने पाणी प्यायला उठतो, एवढे पाहून ठेवावे. आपणच उठलात, तर दोन घोट जास्त प्यावेत. दृश्य संपायला अजून अवकाश असतो.